वाढ आणि तिचें मोजमाप

वाढ हा शब्द प्रत्येक घरांत रोज उच्चारला जातो. मूल वाढतें, पीक वाढतें, गांवाची वस्ती वाढते, घरखर्च वाढतो आणि डोक्यावरचें कर्जही वाढतें. शब्द एकच असला तरी ह्या सर्व वाढी एका जातीच्या नाहींत. कांहीं वाढी ठराविक मर्यादेपर्यंत जाऊन थांबतात, कांहीं दीर्घकाळ चालूं राहतात, आणि कांहीं तर वाढीचा केवळ आभास असतात. कोणती वाढ कोणत्या जातीची आहे हें ओळखण्याची विद्या गेल्या शे-दीडशें वर्षांत हळूहळू तयार झाली आहे. तिचा संबंध विद्यापीठांतील पंडितांशींच आहे असा समज असेल तर तो बरोबर नव्हे. वऱ्हाडांतील कास्तकाराच्या हिताशीं ह्या विद्येचा अगदीं जवळचा संबंध आहे.

बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून मलकापूरकडे जातांना वाटेंत मोताळें लागतें. घाटाखालचा हा मुलूख काळ्या जमिनीचा. नळगंगेच्या धरणाचें पाणी कांहीं शेतांना मिळतें. बाकीच्यांचें सारें भवितव्य पावसावर. मृगाचा पाऊस पडला कीं येथील कास्तकारास एक निर्णय घ्यावा लागतो : कपाशी किती लावावी, मका किती पेरावा, कोणतें बियाणें आणावें, आणि त्यासाठीं किती कर्ज काढावें. हा निर्णय तो कशाच्या आधारें घेतो? बहुधा मागील दोन-तीन हंगामांच्या आठवणीवर, शेजाऱ्याच्या अनुभवावर आणि दुकानदाराच्या सल्ल्यावर. दोन-तीन वर्षें उत्पन्न चढतें राहिलें कीं तें असेंच चढत राहील असा भरंवसा वाटूं लागतो आणि त्या भरंवशावर सही होते. म्हणून दोन-तीन वर्षांची चढ ही खरी वाढ असते काय, हा प्रश्न मोताळ्यासारख्या ठिकाणीं निव्वळ तात्त्विक राहत नाहीं.

प्रथम थोडें गणित पाहूं. सरळ व्याज आणि चक्रवाढ व्याज ह्यांतील भेद शाळेंत सर्वांनीं शिकलेला असतो, आणि सावकाराशीं ज्याचा व्यवहार झाला आहे त्यास तर तो शाळेवांचूनही कळतो. चक्रवाढीचा विशेष असा कीं, दरांतील लहानसा फरक दीर्घकाळानें अवाढव्य होतो. दरसाल शेंकडा १ ह्या दरानें वाढणारी वस्तु शंभर वर्षांत सुमारें २.७ पट होते. शेंकडा २ दरानें वाढणारी सुमारें ७.२ पट होते. दर दुप्पट, पण फळ दुपटीहून पुष्कळच अधिक. ७० ह्या आंकड्यास शेंकडेवारीच्या दरानें भागलें असतां दुप्पट होण्यास लागणारीं वर्षें अजमासें मिळतात, हा हिशेब घरीं बसूनही करतां येतो.

आतां हा हिशेब बुलढाणा जिल्ह्यासच लावून पाहावा. १९०५ सालीं वऱ्हाडांतील जिल्ह्यांची पुनर्रचना झाली. त्या हद्दीप्रमाणें १९०१ सालच्या शिरगणतींत ह्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें ६ लाख १३ हजार भरते. २०११ सालच्या जनगणनेंत ती २५ लाख ८६ हजार झाली. एकशें दहा वर्षांत चौपटीहून थोडी अधिक. म्हणजे दरसाल शेंकडा सुमारें १.३, आणि दुपटीस सुमारें चौपन्न वर्षें. परंतु ह्या सरासरीच्या दरानें जिल्हा सतत वाढत आला काय? मुळींच नाहीं. १८९१ ते १९०१ ह्या दशकांत दुष्काळांमुळें, विशेषतः १८९९-१९०० सालच्या दुष्काळामुळें, येथील लोकसंख्या घटली होती. १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची सांथ आली आणि १९११ ते १९२१ ह्या दशकांत सबंध देशाचीच लोकसंख्या किंचित् कमी झाली. १९०१ सालीं उभा राहून मागें पाहणाऱ्यास हा जिल्हा ओस पडत चालला असें वाटलें असतें. १९७१ सालीं उभा राहून पाहणाऱ्यास त्याची वाढ कधींच थांबणार नाहीं असें वाटलें असतें. दोन्ही अनुमानें फसलीं असतीं, कारण दोघांनींही पाहिलेला कालखंड अपुरा होता.

ह्या विषयाचा पहिला धडा असा कीं, अल्पकाळांत निरनिराळ्या जातींच्या वाढी एकसारख्याच दिसतात. बेल्जममधील गणिती फेरहुल्स्ट ह्यानें १८३८ सालीं असें दाखविलें कीं, मर्यादित साधनांवर पोसणारी लोकसंख्या आरंभीं चक्रवाढीनें वाढते, पुढें तिचा वेग मंदावतो, आणि अखेर ती एका पातळीवर स्थिरावते. कागदावर तिची रेषा आडव्या पडलेल्या वळणदार अक्षरासारखी दिसते. ज्वारीच्या ताटाची उंची मोजली तरी बहुतांशीं हेंच वळण मिळतें. अडचण ही कीं, वळणाच्या पहिल्या भागांत असतांना ती रेषा अमर्याद वाढीच्या रेषेहून वेगळी ओळखतांच येत नाहीं. दोहोंचा आरंभ सारखा, शेवट मात्र निराळा.

ज्ञानाच्या वाढीसही हाच नियम लागतो काय, ह्याचा शोध डेरेक प्राइस ह्या विद्वानानें घेतला. सिंगापूर येथील रॅफल्स कॉलेजांत शिकवीत असतां लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकाचे १६६५ पासूनचे बांधीव खंड त्याच्या घरीं आले होते. दर दहा वर्षांच्या खंडांची एक एक चवड त्यानें भिंतीशीं रचली, तों चवडींच्या माथ्यांवरून चक्रवाढीची रेषा आपोआप उमटलेली त्यास दिसली. १९६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यानें असें मांडलें कीं, शास्त्रीय वाङ्मय दर दहा ते पंधरा वर्षांनीं दुप्पट होत आलें आहे. परंतु तो तेथेंच थांबला नाहीं. हा वेग असाच राहिला तर कांहीं पिढ्यांत देशांतील माणसांहून शास्त्रज्ञांचीच संख्या अधिक व्हावी लागेल, असें त्यानें दाखविलें आणि ज्या अर्थीं तें अशक्य आहे त्या अर्थीं वेग मंदावलाच पाहिजे, असा निष्कर्ष काढला.

यंत्रविद्येंत अशींच मोजमापें झालीं. १९३६ सालीं राइट ह्या अमेरिकन अभियंत्यानें विमानांच्या कारखान्यांतील हिशेब तपासून असें दाखविलें कीं, आजवर बांधलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली कीं एका विमानास लागणारी मजुरी ठराविक प्रमाणांत, सुमारें एक पंचमांशानें, उतरते. १९६५ सालीं मूर ह्यानें विजेच्या सूक्ष्म मंडलांविषयीं असाच नियम सांगितला. पुढें २०१३ सालीं कांहीं संशोधकांनीं ६२ निरनिराळ्या वस्तूंच्या किंमतींच्या व उत्पादनाच्या जुन्या नोंदी एकत्र करून ह्या नियमांची एकमेकांशीं तुलना केली. रसायनांपासून विजेच्या साधनांपर्यंत नाना तऱ्हेच्या वस्तु त्यांत होत्या. राइटचा आणि मूरचा, दोन्ही नियम पुढील भाकित वर्तविण्यास बऱ्याच अंशीं उपयोगी पडतात असें त्यांना आढळलें. भिन्न क्षेत्रांतील वाढ शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याचा हा मोठा फायदा : एका क्षेत्रांतील योगायोग कोणता आणि सर्वत्र लागू पडणारा नियम कोणता, हें त्यांतून निवडतां येतें.

पण येथेंही एक सावधगिरी बाळगली पाहिजे. २०२० सालीं ब्लूम, जोन्स, व्हॅन रीनन आणि वेब ह्या चार अर्थशास्त्रज्ञांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. मूरचा नियम अनेक दशकें टिकला हें खरें. पण तो टिकविण्यास १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत जितके संशोधक पुरत होते, त्यांच्या अठरापट अलीकडे लागूं लागले, असें त्यांनीं दाखविलें. पिकांच्या उत्पन्नाचीही त्यांनीं तपासणी केली आणि तेथेंही वाढ कायम ठेवण्यासाठीं संशोधनाचा खर्च सारखा चढत गेलेला आढळला. विहिरीला पूर्वीइतकेंच पाणी आहे म्हणून घरधनी समाधान मानतो, पण तें पाणी मिळावें म्हणून दर उन्हाळ्यांत विहीर आणखी खोल करावी लागत असेल, तर ते समाधान किती दिवसांचें? वाढ मोजतांना हातीं काय आलें एवढेंच मोजून भागत नाहीं; पदरचें किती घातलें हेंही मोजावें लागतें.

हेंच तत्त्व जमिनीस लावलें म्हणजे दीर्घकालीन प्रयोगांचें महत्त्व कळतें. इंग्लंडमध्यें रॉथमस्टेड येथें १८४३ सालीं लॉज आणि गिल्बर्ट ह्यांनीं एका शेताचे पट्टे पाडून गव्हाचा प्रयोग सुरू केला. तो आजतागायत चालूं आहे. एका पट्ट्यास कधींच खत दिलें गेलें नाहीं. तेथें आजही हेक्टरीं सुमारें एक टनच गहूं होतो. शेजारच्या खतावलेल्या पट्ट्यांत सुधारलेल्या जाती आल्यावर उत्पन्न कैक पटींनीं वाढलें. पण बिनखताच्या पट्ट्यांत त्याच सुधारलेल्या जाती पेरूनही कांहीं लाभ झाला नाहीं. बियाणें सुधारलें तरी जमिनीस खायला मिळाल्याशिवाय तें सुधारणेचें फळ देत नाहीं, ही गोष्ट इतकीं वर्षें मोजल्यामुळें निर्विवाद ठरली. १९१९ सालीं फिशर हा संख्याशास्त्रज्ञ तेथें आला आणि त्या जुन्या वह्यांवर काम करतांनाच त्यानें पाऊस, जमिनीचा कस व खत ह्यांचे परिणाम वेगवेगळे काढण्याच्या रीती बसविल्या. ज्यांनीं त्या वह्या लिहिल्या, त्यांना त्यांतून पुढें काय निघेल ह्याची कल्पना नव्हती.

असा प्रयोग वऱ्हाडच्या मातींतही आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत १९८८ पासून काळ्या जमिनीवर खरिपांत ज्वारी व रब्बींत गहूं अशी फेरपालट ठेवून दीर्घकालीन खतप्रयोग सुरू झाला. अखिल भारतीय योजनेचा तो एक भाग आहे. त्याचा निर्णय स्पष्ट आहे. केवळ नत्र दिलेल्या पट्ट्यांचें उत्पन्न कालांतरानें मागें पडतें. नत्र, स्फुरद आणि पालाश ह्यांच्या जोडीला शेणखत दिलेल्या पट्ट्यांचें उत्पन्न टिकून राहतें व जमिनींतील सेंद्रिय अंशही वाढतो. पहिल्या एक-दोन वर्षांत युरियाची गोणी आणि शेणखताची गाडी ह्यांतील हा भेद डोळ्यांस दिसत नाहीं. उलट गोणीचा परिणाम झटपट आणि हिरवागार दिसतो. म्हणूनच घरांतील गुरें कमी होऊन शेणखत दुर्मिळ झालें तरी त्याची किंमत पुष्कळ काळ कळत नाहीं.

कपाशीच्या बाबतींत तर ह्या विषयाचें महत्त्व सर्वांत अधिक आहे. बोंडअळीस विषारी असें द्रव्य स्वतःच तयार करणारें बीटी कपाशीचें बियाणें २००२ सालीं भारतांत परवानगी मिळून आलें, आणि दहा-बारा वर्षांत कपाशीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रांत पसरलें. त्याच्या गुणावगुणांची चर्चा अद्याप संपलेली नाहीं. पण दोन अभ्यास शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. २०१२ सालीं काठागे आणि कैम ह्यांनीं महाराष्ट्रासह चार राज्यांतील कास्तकारांच्या २००२ ते २००८ ह्या काळांतील नोंदी तपासून असें सांगितलें कीं, किडीचें नुकसान टळल्यामुळें एकरीं उत्पन्न शेंकडा २४ नें व नफा शेंकडा ५० नें वाढला. २०२० सालीं क्रांति आणि स्टोन ह्यांनीं जवळजवळ वीस वर्षांच्या आंकड्यांवरून निराळें चित्र मांडलें. ह्यांपैकीं क्रांति हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक. त्यांच्या मतें उत्पन्नांतील मोठी उडी बीटीचा प्रसार अल्प क्षेत्रांत असतांनाच सुरू झाली होती. तिचें बरेंचसें श्रेय वाढलेलीं खतें, पाणी आणि दुसरीं कीटकनाशकें ह्यांस आहे. हिरव्या बोंडअळीवर बीटीचा प्रभाव टिकला, परंतु गुलाबी बोंडअळीनें त्या विषास दाद देईनाशी प्रकृति कमावली. आणि अखेरीस कास्तकाराचा औषधांवरील खर्च बीटीपूर्वीच्या खर्चाहूनही वर गेला. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कपाशीची जी दैना केली ती येथील लोकांस सांगावयास नको.

ह्या दोन अभ्यासांत कोणीतरी खोटें बोलत आहे असें समजण्याचें कारण नाहीं. एकानें सहा वर्षें, शेतागणिक तुलना करून पाहिलीं. दुसऱ्यानें वीस वर्षें, सबंध देशाच्या आंकड्यांवरून पाहिलीं. अळीची प्रकृति बदलण्यास पुष्कळ पिढ्या जाव्या लागतात. पहिला अभ्यास संपला तेव्हां हा बदल अंगीं पुरा बाणलेला नव्हता. कारण आणि परिणाम ह्यांच्यामध्यें जितकें अंतर, तितका काळ मोजल्यावांचून परिणाम दिसणारच नाहीं, हा ह्यांतील सरळ बोध. मात्र ज्या कास्तकारानें पहिल्या पांच वर्षांच्या चढीवर विसंबून कर्ज वाढविलें, त्यास तो बोध फार महागांत मिळाला.

शेतावरून आतां घरांत येऊं. हैदराबादजवळ पाटनचेरू येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या इक्रिसॅट ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९७५ सालीं दक्षिणेंतील कोरडवाहू मुलखांतील सहा गांवें निवडलीं. त्यांपैकीं कानझरा आणि किनखेडा हीं दोन अकोला जिल्ह्यांतील. प्रत्येक गांवांतून मजूर, लहान, मध्यम आणि मोठे कास्तकार मिळून चाळीस घरें घेतलीं. संस्थेचे माणूस गांवांतच राहत आणि दर तीन-चार आठवड्यांनीं त्याच घरांत जाऊन पेरणी, मजुरी, खरेदी, कर्ज व खाणेंपिणें ह्यांची नोंद करीत. कानझऱ्यासारख्या गांवांत हें काम दहा वर्षें चाललें. पुढें खंड पडला, आणि २००१ पासून त्याच गांवांकडे पुन्हां लक्ष वळलें.

ह्या नोंदींतून निघालेल्या गोष्टी अर्थशास्त्राच्या जगांत आज सर्वत्र सांगितल्या जातात. टाउनसेंड ह्यानें १९९४ सालीं दाखविलें कीं, एखाद्या घराचें पीक बुडालें तरी त्याचें खाणें त्या प्रमाणांत कमी होत नाहीं. उसनवार, नातलग आणि शेजार ह्यांच्या आधारानें घराचें खाणें बहुतांशीं गांवाच्या सरासरीबरोबर चालतें. तथापि भूमिहीनांस हा आधार सर्वत्र सारखा मिळत नव्हता. आणि सबंध गांवावरच अवर्षण आलें तर शेजारी शेजाऱ्यास काय देणार? ह्याचें उत्तर रोझेनझ्वाइग आणि स्टार्क ह्यांनीं १९८९ सालीं ह्याच नोंदींत शोधलें होतें. लेकी दूरच्या गांवीं देण्याच्या चालींत त्यांना असा हेतु दिसला कीं, दोन गांवांचा पाऊस एकाच वेळीं सहसा बुडत नाहीं. एका घरीं टंचाई असतां सोयऱ्याच्या घरीं कणगी भरलेली असूं शकते. आजीबाईंच्या तोंडीं असलेलें शहाणपण असें आंकड्यांतून सिद्ध झालें. आणि १९७५ नंतरच्या तीस वर्षांचा हिशेब जुळविल्यावर असेंही आढळलें कीं, ह्या गांवांतील दारिद्र्य पुष्कळ घटलें. परंतु त्यांत शेतीबाहेरच्या मिळकतीचा वांटा मोठा होता. शेताकडेच पाहत राहणाऱ्यास ही वाढ कोठून आली हें कळलेंच नसतें.

वाढीचा विचार देहाच्या वाढीवांचून पुरा होत नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा गांवांतील गरोदर स्त्रियांच्या आहाराचा व श्रमाचा अभ्यास आरंभिला आणि त्यांच्या मुलांवर तीं मोठीं होईपर्यंत लक्ष ठेवलें. हीं बाळें इंग्लंडमधील बाळांपेक्षां वजनानें बरींच हलकीं भरलीं. पण त्यांच्या अंगांतील चरबी त्या मानानें कमी झालेली नव्हती. मांस कमी आणि चरबी टिकून, अशी ही घडण. गरोदरपणांतील आईचें पोषण आणि पुढें मधुमेहाकडे झुकणारी मुलाची प्रकृति ह्यांचा संबंध त्यांतून उलगडूं लागला. वजनाच्या कांट्यावर एकदांच ठेवून हें कधींच समजलें नसतें.

ह्या सर्व उदाहरणांतून सुशिक्षित घरानें तीन प्रश्न शिकून घ्यावेत. कोणी वाढीची गोष्ट सांगूं लागला, मग ती पिकाची असो, ठेवीची असो कीं एखाद्या धंद्याची, कीं प्रथम विचारावें : ही वाढ किती वर्षांची आहे? दुसरें विचारावें : ती मिळविण्यासाठीं दरसाल अधिकाधिक काय घालावें लागलें? आणि तिसरें : ह्या हिशेबांतून कोण गळलें? जीं बियाणीं बंद झालीं, जे व्यापारी बुडाले, जीं कुटुंबें गांव सोडून गेलीं, त्यांची नोंद कोणी ठेवीत नाहीं. आणि उरलेल्यांचीच सरासरी काढली तर ती नेहमींच चांगली दिसते.

एक गोष्ट अखेरीस सांगण्यासारखी आहे. अशा संशोधनास मोठ्या यंत्रांहून चिकाटीची गरज अधिक असते. रॉथमस्टेडच्या वह्या पिढ्यान् पिढ्या लिहिल्या गेल्या म्हणून त्यांस अर्थ आला. कानझऱ्यास मधल्या वर्षांत पडलेला खंड आतां कोणत्याही द्रव्यानें भरून काढतां येणार नाहीं, कारण गेलेलें वर्ष पुन्हां मोजतां येत नाहीं. मोताळ्यासारख्या गांवाच्या वांट्यास असा संशोधक कदाचित् कधींच येणार नाहीं. पण नोंदी तेथेंही आहेत. तहसील कचेरींतील पावसाचे आंकडे, तलाठ्याची पीकपाहणी, आणेवारीचीं टिपणें, शाळेच्या जनरल रजिस्टरांतील जन्मतारखा व शाळा सोडल्याचीं कारणें, आणि एखाद्या जुन्या घरांतील विक्रीच्या पट्ट्यांची चवड. कोणत्या वर्षीं किती मुलें मध्येंच शाळा सोडून गेलीं, हें पावसाच्या आंकड्यांशेजारीं मांडून पाहिलें तर त्या गांवाचा अर्धा इतिहास बोलूं लागेल. हे कागद आज वाळवीच्या आणि रद्दीवाल्याच्या तावडींत आहेत. गांवांतील दोन-चार शिकलेल्या माणसांनीं ते झाडून, क्रमानें लावून, कोरड्या जागीं ठेवले आणि त्यांत दरसाल नवीं पानें जोडलीं, तरी पुढील पिढींतील कास्तकारास मृगाच्या पावसांत निर्णय घेतांना तीन हंगामांच्या आठवणीऐवजीं तीस वर्षांचा हिशेब हाताशीं राहील.